वसुबारसेचं हॅलोविन

“मग भूत कोण होणार?” वृंदा मॅडमनी विचारलं, आणि इतका वेळ कलकलाट करणाऱ्या सगळ्या आया एकदम गप्प झाल्या.

नर्सरीच्या मोठ्या खोलीत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. फळ्यावर मॅडमनी नारिंगी खडूनं एक भोपळा काढला होता आणि त्याला दात काढले होते. मॅडम न्यू जर्सीला बहिणीकडे राहून आल्या होत्या आणि येताना चॉकलेटांबरोबर हॅलोविनही घेऊन आल्या होत्या. तोवर कराडात हा शब्द निम्म्या आयांना धड उच्चारताही येत नव्हता. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्यानं तर हा कुठल्या पुढाऱ्याचा वाढदिवस, असं विचारलं होतं म्हणे.

त्या वर्षी हॅलोविन नेमकं वसुबारसेला आलं होतं. मग काय, मॅडमच्या डोक्यात दोन्हींची खिचडी शिजली. मुलं भोपळे, वटवाघळं आणि सापळे होणार. प्रत्येकाच्या हातात छोटी नवी केरसुणी. खोलीत एक भूत शिरणार, त्याचं नाव अवदसा. ती खेळणी फेकणार, सगळ्यांना घाबरवणार. मग मुलांनी मिळून तिला केरसुण्यांनी झाडून मागच्या दारानं बाहेर काढायचं. ती गेली की पुढच्या दारातून लक्ष्मी येणार, तिच्या मागोमाग सगळ्या आया निरांजनांची ताटं घेऊन येणार आणि आपापल्या मुलाला ओवाळणार.

“हॅलोविनचं हॅलोविन, दिवाळीची दिवाळी,” मॅडम म्हणाल्या. स्वतःवर भलत्याच खूश होत्या.

लक्ष्मी कोण, हे ठरायला मिनिटही लागलं नाही. उज्ज्वला पाटणकर. डॉक्टरांची बायको, गोरीपान, नाकात नथ घातली की कॅलेंडरमधून उतरल्यासारखी दिसायची. पैठणीही तिच्याकडे घरचीच होती. प्रश्न होता तो भुताचा. तृप्ती शेवाळे, जिचं बसस्टँडजवळ पार्लर होतं आणि जी एरवी दोन माणसांचं एकटी बोलायची, ती आपली नखं बघत बसली होती.

“शलाका करेल की,” उज्ज्वला म्हणाली. “ती कॉलेजात नाटकात होती. होय ना गं, शलाका?”

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आणि मला, खरं सांगते, भरून आलं.

त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आदल्या वर्षीच्या श्रावणात विक्रांत, माझा नवरा, हायवेवर मोटरसायकलवरून पडून गेला. कोर्टाजवळचं त्याचं झेरॉक्सचं दुकान मी चालवायला घेतलं. लोक वाईट वागले असं मी म्हणणार नाही. सुतक फिटेपर्यंत शेजारणींनी आळीपाळीनं डबे दिले. दुकानात गर्दी असली की मिहिकाला, माझ्या मुलीला, कुणीही सांभाळायचं. पण संक्रांत आली आणि आमच्या इमारतीतल्या बायका साड्यांची सळसळ करत माझ्या दारावरून गेल्या. बेल कुणी वाजवली नाही. वरच्या मजल्यावर बोरन्हाण होतं. “मिहिकाला पाठवा हं,” असा निरोप आला. मिहिकाला पाठवा. फ्रॉकच्या ओच्यात बोरं आणि चुरमुरे घेऊन ती खाली आली आणि तिनं विचारलं, “सगळ्यांच्या आया होत्या. तू का नाही आलीस?”

मी म्हटलं, दुकानात काम होतं. पुढच्या वेळी म्हटलं, डोकं दुखत होतं. चार वर्षांच्या पोरीला किती दिवस फसवणार? मला हळदीकुंकवाचं काडीचंही पडलेलं नव्हतं. वाणातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांवाचून माझं काही अडत नव्हतं. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिला द्यायचं नव्हतं. आयांच्या रांगेत तिची आई नसते, ही गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसायला नको होती. एवढीच माझी धडपड होती, आणि तेवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

म्हणून मी म्हणाले, “करते की! मस्त करते.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वृंदा मॅडम म्हणाल्या, “मला माहीतच होतं. तुमच्याइतकं धाडस कुणात नाही.”

भूत व्हायला कसलं धाडस लागतं, हा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही.

पुढचे दिवस फार मजेत गेले. दुकान बंद करून घरी आले की आमची तालीम. मी केस पुढे घेऊन, घसा खरवडून हसत स्वयंपाकघरातून यायची. उशा फेकायची, भांडी वाजवायची. मिहिका आधी किंचाळायची, मग खोटं खोटं घाबरायची, मग घरातली केरसुणी उचलून माझ्या अंगावर धावून यायची. मॅडमनी मुलांना दोन ओळी शिकवल्या होत्या:

“अवदसे, अवदसे, चालती हो!
लक्ष्मीबाई, घरात ये!”

मिहिकाला ‘अवदसे’ म्हणता यायचं नाही. ‘अवशदे’ म्हणायची. मी तिला समोर बसवून, तोंड उघडून दाखवून शिकवलं. “पोटातून आवाज काढ,” मी सांगायची. “शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. आणि झाडताना घाबरायचं नाही. मी मागे सरकले की तू पुढे यायचंस. मी दाराबाहेर जाईपर्यंत थांबायचं नाही.” नाटकातलं जे येत होतं ते सगळं मी तिला दिलं. नर्सरीत तालमी सुरू झाल्या तेव्हा तिचा आवाज ऐकून मॅडमनी तिलाच सगळ्या मुलांच्या पुढे उभं केलं. सापळे, वटवाघळं, भोपळे, सगळे तिच्या मागे. ती थांबली की थांबायचं, ती चालली की चालायचं.

मी पोशाखही ठरवून टाकला होता. दुकानातल्या काळ्या कार्डपेपरची एक उंच टोकेरी टोपी केली आणि जुन्या छत्रीच्या कापडाचा झगा शिवला. ते घेऊन तालमीला गेले तर मॅडम आणि उज्ज्वला एकमेकींकडे बघायला लागल्या.

“छान आहे गं,” उज्ज्वला म्हणाली. “पण हे फॉरेनचं झालं. आपल्या मुलांना आपलं भूत कळायला हवं. पांढरी साडी, मोकळे केस, कपाळ मोकळं. असेलच ना तुझ्याकडे एखादी पांढरी?”

“आहे,” मी म्हटलं. खरंच होती.

“तू किती स्पोर्टिंग आहेस!” ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं मला तिच्या गाडीतून घरी सोडलं. गाडीत तिनं मिहिकाच्या गालाला हात लावून विचारलं, “काय गं चिमणे, वसुबारसेला तुला मी ओवाळू का? लक्ष्मीच्या हातचं!” मिहिका लाजली. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे. अशी मी. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायची हौस असली की दुसऱ्याला काही करावं लागत नाही.

कार्यक्रम सकाळचा होता. मोठ्या खोलीचे पडदे ओढून आत अंधार केला होता, जमिनीवर सतरंज्या, त्यांवर आईबाप आणि आजीआजोबा. मुलांना वरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि तिथून नुसता गलका ऐकू येत होता. शेजारच्या चित्रकलेच्या खोलीत तृप्ती माझ्या तोंडाला पांढरा रंग लावत होती. नर्सरीतल्या आयांमध्ये मला सगळ्यात जवळची तीच होती. मी आधीच घरून पांढरी साडी नेसून आले होते.

“टिकली काढतेस?” ती म्हणाली.

विक्रांत गेल्यावरही मी टिकली सोडली नव्हती. कुणाला काही वाटो. मंगळसूत्र काढलं होतं, टिकली नाही. मी ती काढून आरशाच्या कडेला चिकटवली. आरशात माझं पांढरंफटक तोंड बघून मला हसू आलं.

“तृप्ते, तू दर वर्षी महिला मंडळाच्या नाटकात काम करतेस,” मी म्हटलं. “त्या दिवशी तू का नाही गं हात वर केलास? हे काम तर तुझंच होतं.”

तिचा स्पंज थांबला.

“केलेला मी हात वर,” ती म्हणाली.

“कधी? मी होते की तिथं.”

“त्या मीटिंगला न्हवं. आधी.” ती दाराकडे बघून हळू आवाजात बोलायला लागली. “कोजागिरीला. उज्ज्वलावैनींच्या गच्चीवर.”

कोजागिरीला उज्ज्वलाच्या गच्चीवर काही होतं, हे मला माहीत नव्हतं.

“मॅडमनी सगळं सांगितलं. मी म्हटलं, भूत मी हुते. तर माझी सासू तिथंच दुधाचा गिलास खाली ठेवून म्हणाली, दिवाळीच्या तोंडावर सवाष्णीनं कपाळ पुसायचं? मंगळसूत्र काढून पांढरं नेसायचं? नवरा जड झाला का तुला? मग सगळ्यांचंच तोंड उतरलं. एक बी तयार हुईना. मॅडम म्हणाल्या, अहो, नाटक आहे नुसतं. तरी बी कोण न्हाई.”

“मग?”

“जाऊ दे, शलाका. झालं ते झालं.”

“मग काय झालं, तृप्ती?”

तिनं स्पंज खाली ठेवला. “उज्ज्वलावैनी म्हणाल्या, शलाकाला सांगू. तिचं काय व्हायचं राहिलंय? व्हायचं ते होऊन गेलंय.”

तिला वाटलं असावं की अजून सांगायला हवं, कारण ती सांगतच सुटली. “आणि म्हणाल्या, ओवाळायच्या वेळंला ती बाहेरच असंल. म्हणजे तो बी प्रश्न मिटला. तिला तोंडावर नको म्हणायला नको, वाईट वाटंल बिचारीला. मिहिकाला मी ओवाळीन म्हणाल्या. आन् मीटिंगमधी सगळ्यांनी गप बसायचं, मग मी तिचं नाव घेते, असं ठरलं.”

म्हणजे ती शांतता ठरवलेली होती. त्या बुटक्या खुर्च्यांवर बसून सगळ्यांनी नाटक केलं होतं, आणि कॉलेजात नाटकं केलेली मी एकटीच प्रेक्षक होते. त्या टाळ्या! ‘तुमच्याइतकं धाडस कुणात नाही.’ मला ओवाळायला घ्यायचं नव्हतं आणि नाही असं तोंडावर म्हणायचंही नव्हतं, म्हणून मला भूत केलं. पोरीच्या हातात केरसुणी दिली आणि तिलाच मला बाहेर काढायला लावलं. तेही मीच तिला शिकवलं, रोज संध्याकाळी, तोंड उघडून दाखवून.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मला विक्रांत गेला तेव्हा इतका राग आला नव्हता. तेव्हा रागवायला समोर कुणी नव्हतं.

“तू मला आज सांगतेस?” मी म्हटलं. “आज? पावडर लावताना?”

“मला सासू हाय, शलाका. मी काय करणार?” तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली नाही. “आता काय करू नकोस गं. लेकरांचा कार्यक्रम हाय.”

तेवढ्यात दार ढकलून मिहिका आत आली. नारिंगी फ्रॉक, डोक्यावर हिरवा देठ, हातात केरसुणी. वरच्या खोलीतून निसटली होती. माझं तोंड बघून ती दारातच थबकली, मग हसली.

“आई, मी आज खूप जोरात झाडणार आहे,” ती म्हणाली. “तू पडू नकोस हं.”

“नाही पडणार,” मी म्हटलं.

निघून जावं असं एकदा वाटलं. पोरीचा हात धरून, पांढऱ्या साडीतच, रिक्षा करून सरळ घरी. पण निघून जायचं म्हणजे त्यांना हवं तेच करायचं. त्यांनाही मी बाहेरच हवी होते. मी उठले, केस तोंडावर ओढले आणि मोठ्या खोलीत गेले.

भुताचं काम मी असं केलं की पुढच्या सतरंजीवरच्या एका आजोबांनी रामराम म्हटलं. घसा फाटेस्तोवर हसले. ठोकळ्यांचे मनोरे लाथेनं उडवले, टेडी बेअर भिंतीवर भिरकावले. मुलं जिन्यावरून किंचाळत खाली आली. बापांचे मोबाइल वर झाले. टेपवर ढोल वाजला, आणि मिहिका पुढे आली.

“अवदसे, अवदसे, चालती हो!”

एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवटच्या माणसापर्यंत आवाज. मागून सगळे भोपळे नि वटवाघळं ओरडली आणि तिच्यामागोमाग केरसुण्या आपटत माझ्यावर चालून आली. मी एकेक पाऊल मागे सरकले. माझ्या पायांवर, साडीवर केरसुण्या बसत होत्या. मिहिकाचे गाल लाल झाले होते. तिला इतका आनंद झालेला मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

मागच्या दारापाशी आले. बाहेर ओसरीत चपलांचा ढीग होता. तिथे थांबायचं आणि सगळं आटपल्यावर तोंड धुऊन यायचं, असं मला सांगितलेलं होतं. उंबऱ्यावरून मी पुढच्या दाराकडे पाहिलं. पडदा बाजूला झाला होता. लाल पैठणी, नथ, हातात चांदीचं ताट. उज्ज्वला उजवा पाय पुढे काढून तयार उभी होती. तिच्या मागे निरांजनांची ओळ लागली होती. हातांचा रंग पुसायला फडकंही न शोधता तृप्ती धावत जाऊन त्या ओळीत उभी राहिली होती. प्रत्येक मुलासाठी एकेक आई होती.

मी दारापासून परत खोलीच्या मधोमध आले आणि मांडी घालून खाली बसले.

मुलांना गंमत वाटली. त्यांनी अजून जोरात झाडायला सुरुवात केली. ढोल संपला. कुणीतरी टेप पुन्हा लावला. तो पुन्हा संपला. मिहिका वाकून माझ्या कानाशी आली.

“आई, ऊठ ना. आता तू जायचं असतं.”

“मी नाही जाणार.”

“का?”

“मला इथंच बसायचंय.”

ती गोंधळली. भिंतीशी उभ्या असलेल्या वृंदा मॅडम दात आवळून हसत म्हणाल्या, “मिहिकाच्या आई, निघा आता. झालं तुमचं काम.”

“माझं काम झालेलं नाही,” मी म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा काढला होता. “माझ्या मुलीला ओवाळायचं राहिलंय.”

खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पडदे उघडले. दिवसाच्या उजेडात मी तोंडाला रंग फासून सतरंजीवर बसलेली, आणि माझ्याभोवती केरसुण्या घेतलेले भोपळे.

“शलाका, हे काय चाललंय?” दारातून उज्ज्वला म्हणाली. “घरी बोलू आपण. मुलांसमोर कशाला हा विषय?”

“मुलांसमोरच. केरसुण्या त्यांच्याच हातात दिल्यात तुम्ही.” मी केस मागे टाकले. “पांढरं नेसायला मी चालते. कपाळ पुसून यायला चालते. दिवाळीच्या तोंडावर तुमच्या सगळ्यांच्या वाटचा अपशकुन अंगावर घ्यायला चालते. मग ताट धरायला का चालत नाही? सांगा ना. कोजागिरीला ठरवलंत ना सगळं? मग आता सगळ्यांदेखत बोला.”

उज्ज्वलानं तृप्तीकडे असं बघितलं की ताटातली ज्योतही हलली. तृप्तीची सासू “नसतं झंगाट” असं काहीतरी पुटपुटली. बाकी आया ताटांतल्या सुपाऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यात एकही वाईट बाई नव्हती. तेच तर मला अजून सहन होत नाही. वाईट असत्या तर मी त्यांना तेव्हाच विसरले असते.

“तुम्हाला दुखवायचा कुणाचा हेतू नव्हता हो,” मॅडम म्हणाल्या.

“माहितीये. म्हणूनच भूत केलंत.”

आता मॅडमचं हसू गेलं. त्या उज्ज्वलाकडे वळल्या. “या तुम्ही. या आत. यांना बसू दे बसायचं तर. निरांजनं विझतील.”

उज्ज्वलानं मान ताठ केली, ताट सावरलं आणि उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं.

“थांबा!” मिहिका ओरडली. पोटातून, मी शिकवला होता तसा आवाज. “अजून भूत गेलं नाही!”

उज्ज्वला थांबली. नर्सरीतल्या पोरांना नियमाशिवाय दुसरं काही कळत नसतं. आधी एकानं जायचं, मग दुसऱ्यानं यायचं. बाकीची मुलंही गंभीर होऊन बघायला लागली. एक सापळा म्हणाला, “हो काकू, अजून नाही.”

मिहिका माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावरचा देठ कानावर घसरला होता.

“आई, तू जाणार नाहीस?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं थोडा विचार केला. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. कामाला लागताना असतो तसा चेहरा होता. मग केरसुणी दोन्ही हातांत घट्ट धरून ती पुढच्या दाराकडे चालायला लागली.

“काकू,” ती म्हणाली, “मग तुम्ही जा.”

आणि तिनं उज्ज्वलाच्या पायांपाशी झाडायला सुरुवात केली. “अवदसे, अवदसे, चालती हो!”

ती चालली की चालायचं, हे मुलांना पाठ होतं. भोपळे वळले, सापळे वळले, वटवाघळं पंख सावरत वळली. सगळी फौज गर्जना करत लक्ष्मीवर तुटून पडली. पैठणीच्या काठावर सपासप केरसुण्या बसायला लागल्या. “अगं, केरसुणी लावू नका! मला केरसुणी लावू नका!” उज्ज्वला ओरडत होती आणि एकेक पाऊल मागे जात होती. ताट कलंडलं, तांदूळ सांडले, कुंकू पायरीवर पडलं. मागच्या आयांनी आपापली ताटं डोक्यावर धरली आणि त्या वाट मिळेल तिकडे पांगल्या. तृप्तीची सासू भिंतीला पाठ लावून देवाचं नाव घ्यायला लागली. तृप्ती मात्र फिस्सकन हसली, आणि लगेच पदर तोंडाला लावला.

“आवरा तिला!” वृंदा मॅडम माझ्या अंगावर धावून आल्या. “अहो, बघत काय बसलाय? तुमचं ऐकेल ती. आवरा!”

माझ्या एका हाकेनं ती थांबली असती. ती थांबली असती तर सगळेच थांबले असते. मी मांडी घालून बसले होते, तशीच बसून राहिले. बाहेर पायऱ्यांवरून नारिंगी, काळं, पांढरं सगळं फाटकाकडे चाललं होतं, आणि त्या सगळ्या आवाजांत माझ्या पोरीचा आवाज वर होता.

“आज वसुबारस आहे,” मॅडमना बोलताना धाप लागली होती. “ऐन सणाला तुमच्या मुलीनं लक्ष्मी हाकलून दिली!”

“हो,” मी म्हणाले. “आणि मी तिला ओवाळणार आहे. ताट द्या.”